नोटेडचं बारसं

सर्व संबंधितांस कळविण्यात येते की, बेंगळुरू शहराच्या पश्चिम भागातील एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर, गुरुवारी सायंकाळी, चहानंतर आणि कणीक भिजवण्याआधी, एक अत्यंत गंभीर स्वरूपाची चूक घडलेली आहे. चूक करणारी व्यक्ती बावन्न वर्षांची असून पूर्ण शुद्धीवर होती. तिला कोणीही भरीस घातलेलं नव्हतं. उलट 'काही दाबू नको' अशी स्पष्ट तोंडी सूचना तिला तीन वेळा देण्यात आली होती. सदर व्यक्ती म्हणजे मी.

हुश्श. परिपत्रकाच्या भाषेत लिहिलं की गुन्हासुद्धा जरा नीटनेटका दिसतो. सव्वीस वर्षं एका सरकारी संशोधन संस्थेच्या आस्थापना विभागात बसल्यावर माणूस रडतोसुद्धा मुद्देसूद. तो विभाग म्हणजे रजा, हजेरी, बदल्या आणि पाण्याच्या कूलरबद्दलच्या तक्रारी. संशोधन वरच्या मजल्यावर होतं, असं ऐकून आहे.

आता प्रकरण काय ते सांगते.

माझ्या धाकट्या भावाला इथे नोकरी लागली आणि तो बायको-पोरीसह नागपूरहून आला. त्यांचं घर व्हाइटफील्डला, पोरीची शाळा आमच्या भागात, आणि दोघांच्या मध्ये बेंगळुरूची वाहतूक. तेव्हा ठरलं की सोमवार ते शुक्रवार भाची आमच्याकडे राहणार. आम्हाला मूलबाळ नाही. घरात फक्त मी, माझा नवरा आणि त्याच्या कुंड्या. मला तर लॉटरी लागल्यासारखं झालं.

ही भाची दहा वर्षांची. नागपूरला होती तेव्हा झोपेतही बोलायची. फोनवर मी 'बरं, ठेवते' म्हटल्यावरही पुढची पंधरा मिनिटं तिचं सुरूच असे. पण इथे आली आणि शाळेच्या बसमध्ये पोरगी एकदम मुकी झाली. सात आठवडे ती बसमध्ये एक शब्द बोलली नाही. मी विचारलं तर म्हणाली, "आत्या, त्या एका वाक्यात तीन भाषा बोलतात ना. मी मनात वाक्य तयार करून राहते, तोपर्यंत त्यांचा विषयच बदलून जातो."

मला स्वतःला सत्तावीस वर्षांपूर्वीची मी आठवले. भाजीवाल्यासमोर उभी राहून मनात कन्नड जुळवायचे आणि तोवर तो दुकान आवरून निघून जायचा. पण मी मोठी होते, मला भाजी मिळाली नाही तर पिठलं करता येत होतं. दहा वर्षांच्या मुलीनं मैत्रिणीऐवजी काय करायचं?

भावाला अपराधी वाटत होतं. त्यानं एका रविवारी तिला हातात धरायचा एक व्हिडिओ गेम आणून दिला. बसमधल्या सगळ्या मुलींकडे तोच होता. गेम असा की, तुम्ही रानावनात हिंडायचं, चित्रविचित्र प्राणी गोळा करायचे, त्यांना वाढवायचं, एकमेकांशी झुंजवायचं. पण हे सगळं नंतर. अगदी सुरुवातीला एक म्हातारी वैद्यीण तुमच्यासमोर तीन पिल्लं आणून ठेवते आणि सांगते, यातलं एक घे. जे घ्याल ते तुमचं पहिलं. ते शेवटपर्यंत तुमच्याबरोबर असतं. उरलेली दोन दुसरीकडे निघून जातात.

त्या तिघांची ओळख करून देणं माझं कर्तव्य आहे.

पहिलं, शेपटीतून ठिणग्या उडवणारं मुंगूस. डोळ्यांत मस्ती, अंगात आग. दुसरं, निळं बगळ्याचं पिल्लू, पाण्यातलं. एका पायावर उभं राहून मान अशी वळवायचं, की जणू आत्ताच कोणीतरी त्याचा फोटो काढणार आहे. आणि तिसरं एक रेडकू. गोल, बुटकं, पाठीवर मेथीची जुडी उगवलेलं. सारखं काहीतरी चघळत असायचं. बाकीची दोघं उड्या मारून 'मला घे, मला घे' करत होती तेव्हा हे आपलं दुसरीकडेच बघत होतं.

बसमध्ये यावरून दोन पक्ष होते. मागच्या सीटवर मुंगूसवाल्या, मधल्या सीटवर बगळेवाल्या. रेडकू कोणीच घेतलं नव्हतं. मागच्या वर्षी एका मुलानं घेतलं होतं, तो शाळाच सोडून गेला म्हणे. वडिलांची बदली झाली होती, पण बसमध्ये दोष रेडकाला दिला गेला.

तर त्या सोमवारी, सात आठवड्यांत पहिल्यांदा, बसमध्ये कोणीतरी माझ्या भाचीशी बोललं. शेजारी बसणारी दोन वेण्यांची मुलगी. तिनं भाचीच्या दप्तरातून डोकावणारा गेम पाहिला आणि विचारलं, "तू कोणतं घेतलंस?"

भाचीनं अजून काहीच घेतलं नव्हतं. तिनं घाबरून तोंड उघडलं आणि त्यातून एकच शब्द बाहेर पडला, "फ्रायडे."

म्हणजे शुक्रवारी सांगते. दोन वेण्यांनी मान डोलावली आणि म्हणाली, "ओके. फ्रायडे पक्का."

एवढंच. पण त्या संध्याकाळी पोरगी घरी आली ती हवेत तरंगत. आणि दूध संपेपर्यंत जमिनीवर आपटली. कारण आता शुक्रवारपर्यंत उत्तर द्यायचं होतं, आणि उत्तर चुकलं तर परत कोणी विचारणार नव्हतं.

"घे की मग त्या मुलीसारखंच," मी म्हटलं. दोन वेण्यांच्या पाण्याच्या बाटलीवर बगळ्याचं चित्र होतं.

"तिच्यासारखंच घेतलं तर ती म्हणेल नक्कल केली."

"मग मुंगूस घे."

"मग ती म्हणेल ही आमच्यातली नाही."

"मग रेडकू."

त्यावर तिनं माझ्याकडे असं पाहिलं, की मी उठून गॅस बारीक करायला गेले. गॅस चालू नव्हता.

मंगळवारी माझ्या नवऱ्यानं या प्रकरणात हात घातला. हा माणूस सरकारी कारखान्यात गुणवत्ता तपासणीत होता. आता निवृत्त आहे, पण तपासणी सुटलेली नाही. आमच्याकडे नारळ आला तरी तो हलवून, वाजवून, उजेडात धरून मग आत येतो. त्यानं पट्टी घेऊन तक्ता आखला. तीन प्राणी, नऊ निकष. वेग, आहार, देखभाल, आगीचा धोका, पावसाळ्यातील कामगिरी, असं बरंच काही. रात्रीच्या जेवणाच्या आधी त्यानं चष्मा लावून अहवाल वाचला.

"तिन्ही नमुने स्वीकारार्ह आहेत."

"म्हणजे कोणतं घेऊ, काका?"

"ते वापरकर्त्यानं ठरवायचं."

"अहो, दिवसभराचा तक्ता करून हे सांगताय?" मी म्हटलं.

"दिवसभराचा कुठे, दोन तासांचा आहे. आणि कोणी नाकारलं तर कारण तयार असावं लागतं."

भाचीनं तक्ता नीट वाचला. मग विचारलं, "काका, यात मला कोण आवडतं तो रकाना कुठंय?"

नवऱ्यानं तक्ता परत पुढे ओढला. मग त्यानं पट्टी काढली आणि दहावा रकाना आखून दिला. तो बुधवारभर कोराच होता. त्या रात्री पोरीनं वरणभातही अर्धाच खाल्ला, आणि माझ्या हातचं वरण कोणी टाकणं ही आमच्या घरातली आणीबाणी आहे.

गुरुवारी ती शाळेतून आली, चहाबरोबर शेव खाल्ली आणि एकाएकी उभी राहून म्हणाली, "ठरलं. बगळा."

"का गं?"

"ती म्हणाली नक्कल केली तर म्हणू दे. निदान बोलेल तर."

मला तिच्या पाठीवर हात ठेवावासा वाटला. पण त्या क्षणी तिला मायेची नाही, गांभीर्याची गरज होती, म्हणून मी फक्त मान हलवली. तिनं गेम सुरू केला. वैद्यीण आली, पिल्लं आली. भाचीनं खूण बगळ्यावर नेली. बगळ्यानं मान वळवली. आणि तेवढ्यात तिचं लक्ष स्वतःच्या बोटांकडे गेलं. बोटं शेवेनं पिवळीधम्मक झाली होती.

"थांब, हात धुऊन येते. अन् फ्रॉक पण बदलते. आत्या, धर. काही दाबू नको."

"नाही गं."

"खरंच, काही दाबू नको."

"अगं, नाही दाबत."

न्हाणीघराच्या दारातून परत आवाज आला, "दाबू नको हं!"

आता इथे माझ्या व्यवसायातली एक बाब सांगणं भाग आहे. आमच्या कार्यालयात संगणक आले तेव्हा त्यांच्याबरोबर एक खोड आली. कोणतंही काम करताना पडद्यावर मध्येच एक चौकट उगवायची. 'पुढे जायचे?' तिला लगेच हो म्हटलं नाही, तर ती तुम्हाला बाहेर हाकलायची आणि सकाळपासूनचं सगळं काम पुसून जायचं. सुरुवातीला आम्ही वाचायचो. मग पाहायचो. मग स्पेसबारवर नुसताच अंगठा चालायला लागला. वर्षानुवर्षं. चौकट आली, हो. चौकट आली, हो. मी किती रजा मंजूर केल्या आणि कोणाच्या, हे मला आजही माहीत नाही.

आणि चौकटीनंतर यायचा शेऱ्याचा रकाना. तो रिकामा सोडता यायचा नाही. म्हणून सगळ्यांचा आपापला एक ठरलेला शेरा होता. माझा होता, 'नोटेड'. म्हणजे नोंद घेतली. कूलर गळतोय? नोटेड. आईची शस्त्रक्रिया आहे? नोटेड. एकदा एका सहकाऱ्यानं लग्नाची पत्रिका प्रणालीतून पाठवली होती, तिच्यावरही मी तेच लिहिलं. तो अजून माझ्याशी नीट बोलत नाही.

तर मी गेम धरून बसले होते. खरंच, नुसती धरून. पण ते यंत्र छोटं, माझे हात मोठे, आणि माझा डावा अंगठा कुठेतरी टेकला. खूण बगळ्यावरून सरकली. मला वाटलं ती जागेवर नेऊन ठेवावी. आणि तेवढ्यात पडद्यावर चौकट उगवली.

पुढचं मी केलं नाही. अंगठ्यानं केलं.

चौकट आली. हो. आणखी एक आली, बहुतेक 'नक्की ना?' विचारत होती. हो. तिसरी आली, तिच्यात रिकामा रकाना आणि खाली इंग्रजी अक्षरं. मी एक एक अक्षर जुळवलं, अगदी मन लावून, जीभ किंचित बाहेर काढून. एन, ओ, टी, ई, डी. मग पुन्हा हो.

गेममधून पिपाण्या वाजल्या. फुलं उधळली गेली. आणि मेथीची जुडी पाठीवर घेतलेलं ते रेडकू पडद्याच्या मधोमध येऊन उभं राहिलं. खाली लिहिलं होतं की नोटेड आता तुमचा जिवाभावाचा साथीदार आहे.



"अहो," मी हळूच हाक मारली.

नवरा बाल्कनीतून कुंडीची माती लागलेल्या हातांनी आला. त्यानं पडद्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"हे बगळा नाही."

"मला दिसतंय."

"आणि याचं नाव…" तो चष्म्यावरून वाचत थांबला. त्याच्या मिशीखाली काहीतरी हलायला लागलं.

"हसलात तर आठवडाभर उपमा."

त्यानं हसू गिळलं. मग तपासणी सुरू केली. मागे जायची सोय नव्हती. एकच मार्ग होता, सगळं पुसायचं आणि पहिल्यापासून सुरू करायचं. पण सुरुवातीची वैद्यिणीची बडबडच वीस मिनिटांची होती. न्हाणीघरातला नळ बंद झालेला मला ऐकू आला.

"तिला विचारा, पाय धुतले का!"

"पाय कशाला?"

"विचारा हो!"

"अगं," त्यानं दारापाशी जाऊन हाक मारली, "पाय धुतलेस का?"

"पाय कशाला, काका?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. आमच्या घराण्यात कोणीही निष्णात गुन्हेगार नाही, हे त्या दिवशी सिद्ध झालं. मी गेम उशीखाली ढकलला आणि उशीवर बसले. उशीखालून पिपाणी वाजली.

ती आली. फ्रॉक निळा होता. बगळ्याच्या रंगाचा. केस विंचरलेले, हात स्वच्छ.

"दे."

मी उठले, उशी उचलली आणि दिला. भाषण तयार केलं होतं, पण त्यातलं फक्त एवढंच बाहेर आलं, "चौकट आली गं."

तिनं पाहिलं. मग एकेक अक्षर वाचल्यासारखं म्हणाली, "नो-टेड?"

"शेऱ्याचा रकाना वाटला."

"आत्या, तू नाव पण ठेवलं?"

आणि मग तिचा चेहरा मोडला. मोठ्यानं रडली असती तर मला सोपं गेलं असतं. ती सोफ्याच्या कोपऱ्यात बसली, गुडघे जवळ घेतले आणि अगदी बारीक आवाजात म्हणाली, "उद्या फ्रायडे आहे."

माझ्या नवऱ्यानं, देव त्याचं भलं करो, तिच्यासमोर जमिनीवर बैठक मारली आणि सगळं समजावून सांगितलं. पुसता येतं. वीस मिनिटं लागतील. मग पुन्हा तीन पिल्लं येतील, मग बगळा घे, आत्याला आपण स्वयंपाकघरात कोंडू. तिनं नाक ओढलं, मान हलवली. त्यानं योग्य ती चौकट काढून गेम तिच्या हातात दिला. चौकटीत लिहिलं होतं की पुसलं तर नोटेड कायमचा जाईल. चालेल का?

या वेळी माझा अंगठा मी दुसऱ्या हातानं धरून ठेवला होता.

तिनं लगेच दाबलं नाही. चौकट बाजूला केली. म्हणाली, "एकदा पाहते फक्त." आणि गेममधल्या आपल्या मुलीला दोन पावलं पुढे चालवलं. रेडकू मागे आलं. ती डावीकडे वळली, तेही वळलं, जरा उशिरा. ती एका कुंपणाच्या फटीतून पलीकडे गेली. रेडकू जाड, ते फटीत अडकलं. अडकलं तरी ओरडलं नाही. तिथेच उभं राहून मेथी हलवत बघत राहिलं.

भाची पलीकडे बरीच पुढे गेली होती. थांबली. वळली. कुंपणाला वळसा घालून मागे आली. रेडकू तिच्याभोवती एक फेरी मारून शिंकलं, आणि त्याच्या पाठीवरचं एक पान गळून पडलं.

"काका, पुसलं तर याला कळतं का?"

नवऱ्यानं तक्त्यात शोधावं तसं आढ्याकडे पाहिलं. "याची तपासणी मी केलेली नाही," तो म्हणाला.

तेवढ्यात दारावरची बेल वाजली. खालच्या मजल्यावरच्या अक्का आल्या होत्या. अक्का आमच्यासारख्याच मराठी, पण त्यांचं घराणं चार पिढ्या इथल्याच चामराजपेटेत, त्यामुळे त्यांची मराठी त्यांच्या सांबारासारखी, मूळ काय होतं ते शोधावं लागतं. आमचा डबा परत द्यायला आल्या होत्या, आणि रिकामा डबा देण्याची त्यांच्याकडे रीत नाही, म्हणून त्यात कोडुबळे होते, म्हणजे इकडची कडबोळी.

"एनायतु, काय झालं गं? पोर का रडायलीय?"

मी सांगितलं. सगळं, काहीही न लपवता. अक्कांनी पदर सावरून गेम हातात घेतला, डोळे बारीक करून रेडकाकडे पाहिलं आणि फक्त एकच प्रश्न विचारला.

"नाव कुणी ठेवलं?"

"मीच की."

"तू पोरीची कोण?"

"आत्या."

"मग सरी, बरोबरच की! आत्यानंच ठेवायचं असतंय नाव. पण कानात सांगितलंस का? कुर्र केलंस का?"

"नाही."

"मग कसलं बारसं? मेलं तसंच नाव लिहून मोकळी!"

इथे आणखी एक जुनं दुखणं सांगायला हवं. या भाचीच्या खऱ्या बारशाला मी नव्हते. कार्यालयात तपासणीचा आठवडा होता, रजा मिळाली नाही. रजा मंजूर करणाऱ्या बाईलाच रजा मिळाली नाही, यावर आमच्या घरात दहा वर्षं हसणं चाललंय. नाव भाचीच्या मावशीनं कानात सांगितलं. आणि आमच्याकडे आत्या पाळण्यावर वाकून बाळाच्या कानात कुर्र करते, तेव्हा बाकीच्या बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात. का घालतात, हे मी कधी कोणाला विचारलं नाही. तर ते धपाटेही मावशीनंच खाल्ले.

भाचीनं गुडघ्यांवरून डोकं वर केलं. "पाठीत मारतात? खरंच?"

"मारतात म्हणजे काय! गुद्दे घालतात," अक्का म्हणाल्या. "माझ्या नणंदेला मी असा एक ठेवून दिलेला, अजून आठवण काढतीय."

"किती जोरात?"

"ते मारणाऱ्यावर असतंय."

पोरगी उभी राहिली. तिनं गालावरचे ओघळ पुसले. तिच्या डोळ्यांत त्या ठिणग्यांच्या मुंगसासारखं काहीतरी चमकलं, आणि मला कळलं की माझं काही खरं नाही.

"काका, टोपली आणा," ती म्हणाली.

नवऱ्यानं कांद्याची टोपली रिकामी केली, हलवून, उजेडात धरून पाहिली आणि मान्य केली. तिच्यात माझी सुती ओढणी घातली, ओढणीवर गेम ठेवला. दोन खुर्च्यांच्या मध्ये काठीला टोपली टांगून पाळणा झाला. पडद्यावर नोटेड चघळत होता. अक्कांनी पाळण्याला झोका दिला आणि चार ओळी म्हटल्या, दोन मराठीत, दोन कन्नडमध्ये. नवऱ्याला बायकांच्या समारंभात जागा नव्हती, पण तो कोडुबळ्यांचा डबा धरून दारात उभा राहिला, निरीक्षक म्हणून.

मी वाकले. आता हसू नका, पण त्या यंत्राला कान कुठे असतो? आवाज जिथून येतो ती बारीक भोकं होती, तिथे तोंड नेलं. दहा वर्षं उशिरा का होईना, माझ्या वाट्याचं काम मी करत होते. "कुर्रर्र…"

पहिला गुद्दा अक्कांचा, शास्त्रापुरता.

दुसरा माझ्या भाचीचा. त्यात बगळा होता. त्यात चार दिवसांचा विचार होता, फ्रॉक होता, शुक्रवार होता.

"आई गं!"

"नाव सांग, आत्या! नाव सांगेपर्यंत थांबायचं नसते ना, अक्का?"

"अजिबात नाही!"

"नोटेड!" मी टोपलीत ओरडले. "नोटेड, नोटेड, नोटेड!" प्रत्येक नोटेडला एक धपाटा. तिसऱ्या धपाट्याला पोरगी हसायला लागली, आणि मग तिला हसू आवरेना, आणि मग मारताही येईना. ती माझ्या पाठीवरच आडवी पडून हसत राहिली. माझी कंबर ओणवी, वर दहा वर्षांची पोरगी, खाली कांद्याचा वास. अशा अवस्थेत मी सांगते, त्या खोलीत माझ्याइतकं सुखी कोणी नव्हतं. दारातला निरीक्षक कोडुबळं चावत म्हणाला, "नमुना स्वीकारला."

ती पुसायची चौकट नंतर कोणी काढली नाही. जेवताना भाची वरणभात दोनदा घेऊन म्हणाली, "आता बारसं झाल्यावर कसं परत देणार?" आणि मग तिनं कोपऱ्यातल्या दप्तराकडे बघितलं. मला ते बघणं कळलं. रेडकू राहणार होतं, पण शुक्रवारही येणारच होता. नवऱ्यानं टेबलावरच्या तक्त्यात दहाव्या रकान्यात, तिसऱ्या ओळीत, पेन्सिलनं एक छोटी बरोबरची खूण केली.

सकाळी मी तिला खाली सोडायला गेले. एरवी सुरक्षारक्षक असतो, मला जायची गरज नसते. पण मी वकील म्हणून गेले होते. वाटलंच तर बसमध्ये चढून सगळा दोष माझा आहे हे तीन भाषांत सांगायची माझी तयारी होती. कन्नड मी रात्रीच जुळवून ठेवलं होतं.

बस आली. भाची चढली. मागे वळून बघितलं नाही. खिडकीची काच बंद, आतून ती दोन वेण्यांच्या शेजारी बसलेली दिसली. दोन वेण्या तिच्याकडे वळल्या. ओठ हलले. विचारलं.

माझ्या भाचीनं तोंड उघडलं. आणि मिटलं. मी फुटपाथवर श्वास धरून उभी. तिनं पुन्हा तोंड उघडलं.

मला आवाज येत नव्हता, पण दिसत होतं. पहिले दोन-चार शब्द अडखळत आले. मग शब्द पुरेनात म्हणून तिनं दोन बोटांची शिंगं केली. गाल फुगवून चघळून दाखवलं. दोन वेण्यांनी तोंडावर हात नेला. मला वाटलं, संपलं. पण भाची थांबायला तयार नव्हती. तिनं एक अंगठा वर धरून तो आपोआप खाली पडताना दाखवला, जीभ बाहेर काढून अक्षरं जुळवणारी मी दाखवली, अगदी हुबेहूब, मला जरा रागच आला. मग ओंजळीचा पाळणा केला. वाकली. कुर्र केलं. आणि उठून पुढच्या सीटच्या पाठीवर धपाधप, धपाधप गुद्दे घालायला लागली. आता मागच्या सीटवरच्या मुंगूसवाल्या उभ्या राहून बघत होत्या. ती कोणत्या भाषेत बोलत होती, कोण जाणे. बहुधा सगळ्याच. बस सुरू झाली तरी तिचं तोंड बंद होत नव्हतं. हीच ती, झोपेत बोलणारी.

तेवढ्यात खिडकीची काच खाडकन सरकली आणि त्यातून दोन वेण्या बाहेर आल्या. भाचीनं बोट करून मला दाखवलं असावं. गेटवर सुरक्षारक्षक होता, दूधवाला होता, चालायला निघालेल्या अक्का होत्या, आणि या सगळ्यांच्या साक्षीनं ती मुलगी जिवाच्या आकांतानं ओरडली:

"आंटी! मेरे बगुले का भी नाम रखना है! शाम को आती मैं, आपको मारने!"